खांद्यावरचा कापूस

मला वर्गात एका जागी बसता येत नाही. मुलं म्हणतात, मॅडमच्या पायाला भिंगरी आहे. शिकवताना मी बाकांमधून येरझाऱ्या घालते, कुणाच्याही कागदावर वाकून बघते आणि जे वाटतं ते तोंडावर सांगून मोकळी होते. याचा मला बरीच वर्षं अभिमान होता.

त्या सत्रात उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला मी रूपक शिकवत होते. मराठीच्या पुस्तकातलं नव्हे, चित्रातलं. जे सांगायचं ते न दाखवता दुसऱ्याच गोष्टीतून सांगायचं. दुपारचं ऊन सांगायचं असेल तर सूर्य काढू नका, बंद दुकानाच्या पायरीवर जीभ काढून पडलेलं कुत्रं काढा. मुलं माना डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी वाघ काढून आणायची. त्यांचाही दोष नव्हता. निम्मा वर्ग कॉलेज सुटलं की फ्लेक्स छापणाऱ्या दुकानांत कामाला जायचा. फ्लेक्सला आमच्याकडे नुसतं ‘डिजिटल’ म्हणतात. कुणाचा वाढदिवस असो, निवड असो की दुकानाचं उद्घाटन, मागे वाघ हवाच.

एक दिवस मी वैतागले. फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘बंदी’ लिहिलं आणि खाली यादी केली. वाघ, समई, कमळ, गुलाब, जोडलेले हात, विजेचा बल्ब. शेवटी लिहिलं, चित्र बोलत असेल तर अक्षरं काढून टाका.

वैरागहून येणारा एक मुलगा उठला. “मॅडम, वाघाशिवाय माणूस मोठा कसा दिसंल?”

“त्या माणसालाच विचार,” मी म्हटलं. वर्ग हसला, तो बसला. मला वाटलं, जिंकले.

मग त्यांना विषय दिला, वडील. अट एकच, चित्रात माणूस नको. चपला आल्या, चष्मे आले, सायकली आल्या. शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या वस्तीतून येणाऱ्या एका मुलीनं भिंतीवरची खुंटी काढली होती आणि खुंटीला अडकवलेला शर्ट. शर्टाच्या खांद्यांवर, कॉलरवर कापसाचे बारीक पांढरे पुंजके. तिचे वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे, हे मला ठाऊक होतं. मी तो कागद फळ्यावर लावला, सगळ्या वर्गाला समोर उभं केलं आणि चांगली चाळीस मिनिटं त्यावर बोलले. कापूस म्हणजे कष्ट, कापूस म्हणजे घरापर्यंत माणसाच्या मागे आलेला कारखाना. ती मुलगी कधी मान वर करून बोलायची नाही. त्या दिवशी तिचे कान लाल झाले होते.

महिनाभरानं ती अचानक यायची बंद झाली. सबमिशन तोंडावर आलेलं. पाचव्या दिवशी हजेरी घेताना मी सगळ्यांसमोर म्हटलं, “एकदा कौतुक केलं तर डोक्यात हवा गेली वाटतं.”  सगळे खाली बघत राहिले आणि मला ते नेहमीचंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामासाठी स्कूटरवरून पूर्व भागातून चालले होते. चौकात एक डिजिटल दिसलं आणि मी स्कूटर भर रस्त्यात थांबवली. मागचे हॉर्न वाजवायला लागले. डाव्या बाजूला एका माणसाचा दिलखुलास हसरा फोटो, उजवीकडे खुंटीवरचा तो शर्ट, बाकी सगळी पांढरी जागा. खाली फक्त नाव. नेते नाहीत, शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग नाही, वाघ नाही. आडनाव तिचंच होतं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. पोरीनं बापाच्या वाढदिवसाचं डिजिटल स्वतः केलं आणि माझं एकूण एक ऐकलं. मी फोटो काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘वाढदिवसाचा फलक असाही असतो. बघा आणि शिका. शाब्बास!’ पुढे टाळ्या वाजवणारे तीन हात.

सगळ्यांनी बघितलं. उत्तर कुणाचंच आलं नाही. कॉलेजच्या फाटकाशी पोचले तेव्हा वैरागच्या मुलाचा वेगळा मेसेज आला होता. ‘मॅडम ते काढा. तिचे पप्पा वारले.’

मी ते काढलं. पण तोवर तिनंही बघितलं होतं. काढण्याआधी तिच्या नावासमोर तशी खूण दिसली होती.

त्या दिवशी मी दोन तास शिकवलं, काय ते आठवत नाही. वर्ग सुटल्यावर त्या मुलाला अडवलं. “काल मी तिच्याबद्दल नको ते बोलले, तेव्हा तरी सांगायचं होतंस!”

“तुमी लई चिडता की,” तो म्हणाला. “कुणाची छाती व्हईना.”

 घरी जाऊन स्वयंपाकघर आणि गॅलरी एवढ्यातच फेऱ्या मारत राहिले. तिला काय लिहावं ते सुचेना, लिहिलेलं पुसत राहिले. संध्याकाळी उठले आणि तिच्या घरी गेले.

दारात तिचे काका उभे होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “तुमीच का त्या चित्राच्या मॅडम? आमी हिला म्हणलो होतो, समई घाल, श्रद्धांजली लिही. पोरगी म्हणली, मॅडमनी तसं घालू नका म्हणून शिकवलंय. आमच्याबी ध्यानात काय चाललं न्हवतं, म्हणलं कर तुला पायजे तसं. आज सकाळी कारखान्यातला एक माणूस गावावरनं आला, चौकात डिजिटल बघितलं आणि वाढदिवसाचा हार घेऊन हितं दारात हजर. वहिनीच्या समोर.” त्यांनी आत बोट दाखवलं. “दहावा झाला की तिचं कॉलेज बंद. बस झालं शिक्षण.”

 ग्रुपवर मी काय टाकलं होतं, हे त्यांना कळलेलं दिसत नव्हतं, आणि सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

आत तिची आई भिंतीला टेकून बसली होती, मुलगी तिच्या पलीकडे. मी खाली बसले आणि बोलतच सुटले. चूक माझी आहे, तिची नाही. उद्याच मी नवा फलक करून लावते, समई घालते, श्रद्धांजली लिहिते, पण तिचं शिक्षण थांबवू नका. माझंच बोलणं मला खोटं वाटत होतं, तरी थांबता येईना.

आईनं हात वर केला. “समईचं काय न्हाय, मॅडम. आज न्हाय तर उद्या कळंल लोकान्ला. तो शर्ट.”

“शर्ट?”

“त्यांच्या अंगावर कापूस घेऊन मी त्यांना कधी भाईर जाऊ दिलं न्हाय. बावीस वर्षं. रातपाळीवरनं अंधारात आले की ह्या दारातच उभं करायची आणि झटकायची. खांदे, मान, कानाच्या मागं. मग आत. गल्लीत कुणाला ठाव न्हाय त्यांच्या अंगावर कापूस असतोय म्हणून.” आईनं मुलीकडे बघितलं नाही. “हिनं तो चौकात लावला.”

मी मुलीकडे बघितलं.  ती खालमानेनंच म्हणाली, “तू झटकायच्या आधीचे पप्पा काढले मी, अम्मा. मला तेच आवडायचे.”

आई तिला तेलुगूत काहीतरी म्हणाली. मला त्यातलं एक अक्षर समजलं नाही. मुलगी रडायला लागली आणि आईनं तिला जवळ ओढलं. मी तिथं नको होते, पण उठायचं कसं तेही कळत नव्हतं.

थोड्या वेळानं आईनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. “दहावा झाला की येईल ती कॉलेजला.”

“वहिनी...” काकांनी दारातून सुरुवात केली. आईनं तिकडे लक्षच दिलं नाही.

“त्या चित्राला तुमी मार्क किती दिलते?”

“दहापैकी नऊ,” मी म्हणाले.

“लई दिले.”

एरवी माझ्या मार्कांवर कुणी बोललेलं मी खपवून घेत नाही. तेव्हा मात्र मी मान हलवली. चाळीस मिनिटं मी ते चित्र सगळ्या वर्गाला समजावून सांगितलं होतं, आणि तेवढ्या वेळात दारात उभी राहून तो कापूस झटकणारी ही बाई मला त्यात कुठे दिसलीच नव्हती.