ताईचा उजवा डोळा आणि चार रंग

छापखान्यात सगळे तिला ताई म्हणत. मालकसुद्धा, आणि मालक तिच्याहून वीस वर्षांनी मोठे. चाररंगी मशीन तिच्या हाती होतं. निळा, लाल, पिवळा, काळा नेमके एकमेकांवर बसले पाहिजेत; केसभर सरकले तरी ताईच्या नजरेतून सुटत नसत. म्हणून एका सकाळी तिने मशीन थांबवून "काळा सरकलाय" म्हटलं, तेव्हा कुणी ब्रही काढला नाही. दोन हजार कागद रद्दीत गेल्यावर मालकांनी भिंग लावून पाहिलं. काळा जागच्या जागी होता. ताईने त्याच दुपारी डोळ्यांचा दवाखाना गाठला.

बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे आलंय, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. डाव्यात थोडंसंच आहे, पण उजव्यावर लेन्सही टिकायची नाही. आणि भिंगाला तिचा उजवाच डोळा जायचा. तो गेला तर मशीनही गेलं, हे ताईला कुणी सांगायला नको होतं.

"दान केलेलं बुबुळ बसवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पूर्ण बदलता येतं. किंवा वरचे थर बदलून बुबुळाचा सगळ्यात आतला पातळ पडदा तुमचाच ठेवायचा. मग शरीराने नवं बुबुळ नाकारायची भीती कमी. पण हवा सोडून थर सुटे करताना पडदा फाटला, तर तिथेच पूर्ण बदलावं लागेल."

"मग सावकाश सोडवा," ताई म्हणाली. "घाई केली की कागदही फाटतो."

बुबुळ आल्याचा फोन आला तशी ताई उठली ती थेट रस्त्यावर. "अगं, दुसरी चप्पल तरी घाल," सासूबाई मागून ओरडल्या.

ऑपरेशनच्या टेबलावर डोळा बधिर होता, कान नव्हते. "हवा सोडतेय," असं ऐकू आलं आणि ताई मनातल्या मनात कागद मोजू लागली.

"सुटला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पडदा अख्खा आहे." ताईला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या, पण हात चादरीखाली होते.

टाके, थेंब, नवा चष्मा, असे आठ महिने गेले. ताई मशीनवर परतली. पहिल्याच दिवशी छपाई निम्म्यावर आली असताना तिने बटण दाबलं.

"निळा सरकलाय."

मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातून भिंग काढलं, कागदावर ठेवलं आणि बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"सरकलाय," ते म्हणाले. "ताई, खरंच सरकलाय हो." आणि हजार कागद वाया गेल्याच्या आनंदात त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला.