तळाचा गंधार

पायपेटीचं झाकण आपटून मी उठलो, हे सगळ्यांना सांगितलं. चाळीत, सभेत, घरात. त्याआधी काय केलं ते आजवर कुणालाच सांगितलं नाही.

डोंबिवलीतलं लग्नघर. आमचा कोपरीचा बँड. वाजवून झालं की आम्ही अंगणात, पिंपापासून लांब. पाणी वरून ओतायचे, आम्ही ओंजळ धरायची. यजमान दादासाहेब ओट्यावर आले. गायन मंडळाचे चिटणीस.

"मघाशी सूर पुढे ढकलल्यासारखे लागत होते. कोणी बसवलं रे?"

बसवलं होतं विठूमामानं. आमचा युफोनियमवाला, बँडातला सगळ्यात जाड आवाज. आम्ही वर्षानुवर्षं तळाला सा ठेवायचो, वर ग आणि प. खालच्यानं सा धरायचा, संपलं. कळव्याच्या खाडीकाठी सरावाला मामा म्हणाला, "अरे, सूर तेच तीन राहू देत. मला ग दे, सा तू वर घे. बघ, बसलेला माणूस उठायला लागतो." मी क्लॅरिनेट लावलं. खरंच. सूर तेच, पण थांबेनात. मध्यमाकडे कलायला लागले. मग कुठला सूर जवळ ठेवायचा, कुठला लांब, हेही त्यानं माणसागणिक वाटून दिलं. त्याला अक्षर येत नव्हतं. वहीत मी उतरवलं.

दादासाहेबांना मी म्हणालो, "मी बसवलं."

मामा शेजारीच होता. ओंजळ ओली.

"मग आत ये, पायपेटीवर दाखव. बाकीचे राहू देत तिथेच."

गेलो. चपला मामाजवळ काढून गेलो.

डावा हात सवयीनं 'सा'वरच पडला.

"छे, हे नव्हे. तळाला काहीतरी वेगळं होतं."

"ते वाजवणारा बाहेर बसलाय. त्याला बोलवा."

"त्याला? तू आलास तेवढं पुरे."

मागे वळलो. त्यांचा पुतण्या ओलं फडकं घेऊन उभा, मी उठायची वाट बघत. झाकण आपटलं. त्या दिवसापासून कुठल्याही दारात ओंजळ धरली नाही.

हे खरं आहे. पण उठतानाही 'बसवलं त्यानं' एवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. वाजवणारा म्हणालो. तेवढंच.

स्टेशनकडे चालताना मामा म्हणाला, "आत गेल्यावर ग विसरलास होय रे?" पुन्हा कधी विषय काढला नाही.

मामा गेला. त्या वहीवरून कल्याणचा बँड अजून वाजवतो. पहिल्या पानावर माझं नाव आहे. लोक वाहवा करतात, मी मान हलवतो. या मान हलवण्यानं थकलोय.

रविवारी कल्याणला जाऊन ते नाव खोडणार. सगळ्यांदेखत. का खोडलं तेही सांगणार. दादासाहेबांचा हिशेब त्या झाकणाबरोबर मिटला. विठूमामाला त्याचं नाव मी अजून देणं लागतो.