हेडक्लार्कच्या आजीचा कुजा

चांदीचा कुजा कुठे दिसला की एक जुनी तक्रार मला आजही आठवते, आणि उभा जन्म खाकीत काढलेल्या माणसाला न शोभणारे हसू येते. कुजा म्हणजे झाकणाचा, अरुंद गळ्याचा पाण्याचा तांब्या. आम्हा तंजावरकडच्या मराठी घरांत लेकीच्या लग्नात तो देत असत. पन्नासचे दशक सरत आले होते आणि मी मैलापूर भागातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. नावे लिहिणार नाही. दोन्ही घरांची नातवंडे मद्रासेतच आहेत आणि त्यांतले एक वकील आहे.

सकाळची हजेरी आटोपली होती. राइटर, म्हणजे ठाण्याचा कारकून, स्टेशन डायरी लिहीत होता. तेवढ्यात पन्नाशीच्या एक बाई आल्या आणि मी सांगण्याआधीच खुर्चीवर बसल्या. त्यांच्या आईने दिलेला चांदीचा कुजा दोन वर्षांपूर्वी घरातल्या पेटीतून नाहीसा झाला होता. घरची अब्रू म्हणून त्यांनी तेव्हा तक्रार केली नाही. आणि परवा तोच कुजा त्यांना दिसला, तोही मुलाच्या निश्चितार्थाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी, होणाऱ्या सुनेच्या घरात. मुलीच्या बापाने चार पाहुण्यांसमोर तो उचलून धरला आणि सांगितले, की हा आमच्या आजीचा, तंजावरचा, आता लेकीबरोबर सासरी जाईल.

आमच्याकडे भांड्याच्या बुडाला ठिपक्या-ठिपक्यांनी मालकिणीचे नाव कोरतात. आणि आमच्या बायका परक्या घरी कोणतेही भांडे हाती आले, की आधी ते उलटे करून वाचतात. हाताला आपोआप लागलेली सवय आहे ती. बाईंनी कौतुकाने कुजा घेतला, उलटा केला आणि बुडाखाली स्वतःच्या आईचे नाव वाचले. तो परत ठेवला, फणस खाल्ला आणि घरी आल्या.

“लग्नाला बारा दिवस आहेत,” त्या म्हणाल्या. “चोराची लेक मज सून नको. पण पोरगी फार गुणाची आहे. सोयरीक ठेवूं कीं मोडूं, तें तुम्ही शोधून सांगा. आणि ह्या कानाचें त्या कानास कळूं नये.”

लोक पोलिसांना काय काय विचारतात, पण सोयरीक ठेवावी की मोडावी, यासाठी आमच्याकडे कलम नव्हते. मी फिर्याद लिहून घेतली आणि जागा पाहायला त्यांच्या घरी गेलो.

त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते. त्यांनी मला तीनदा कॉफी विचारली आणि दोनदा दिली. दिवाणखान्यात भरतकामाचे आच्छादन घातलेला मोठा रेडिओ होता. निवृत्तीच्या वेळी कचेरीतल्या लोकांनी दिला, असे त्यांनी मी न विचारताच सांगितले. त्यांना घाम फुटला होता. खाकी पाहिली की सज्जनांनाही घाम येतो, असे समजून मी तिकडे लक्ष दिले नाही. न विचारता दिलेले उत्तर आधी तपासावे, हे मी नव्या शिपायांना नेहमी शिकवीत असे, आणि तेव्हा स्वतःच विसरलो.

मुलीचे वडील एका कचेरीत हेडक्लार्क होते. विधुर होते, एकच मुलगी. संध्याकाळी साध्या कपड्यांत मी त्यांच्या अड्यारच्या घरी गेलो. ज्या खुर्चीवर त्यांनी मला बसवले, ती कोर्टाच्या लिलावातली होती. टेबल एका इंग्रज मळेवाल्याचे, पंखा बंद पडलेल्या हॉटेलातला. सगळे घर सेंट्रल स्टेशनाजवळच्या जुन्या बाजारातून आलेले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मी पोलीस आहे हे सांगितल्यावर ते जरा बिचकले, पण खुर्चीची तारीफ केली तेव्हा खुलले. मग जुन्या बाजारात काय घेऊ नये, यावर मला अर्धा तास व्याख्यान मिळाले.

कापसाची गादी घेऊ नये, ती वस्तीसकट येते. चष्मा घेऊ नये. चप्पल घेऊ नये, आधीच्या मालकाची चाल तिच्यात राहते आणि आपण त्याच्यासारखे फेंगडे चालू लागतो. दाताची कवळी तर नकोच. त्यांनी एका गृहस्थाला बाजारात उभ्या उभ्या तीन कवळ्या घालून पाहताना पाहिले होते आणि त्या दिवशी ते जेवले नव्हते. सगळ्यांत वाईट म्हणजे रेडिओ. दुकानात तो गातो आणि घरी आणला की मौन धरतो.

“मग काय घ्यावे?” मी विचारले.

“भांडें,” ते ठामपणे म्हणाले. “भांड्यास काय होतें? चिंच लावून घांसलें कीं नवें.”

“म्हणजे कुजाही तिथलाच.”

हेडक्लार्कांचा चेहरा उतरला. नाही म्हणाले, तो आजीचा आहे. मी आजीचे नाव विचारले. त्यांनी ते सांगितले. मी कुजा आणायला लावला आणि त्यांच्यासमोर उलटा केला. बुडाखालचे नाव दुसरेच होते.

त्यांनी कुजा विकत घेताना पाणी भरून गळतो का पाहिले होते, वजन पाहिले होते, टिचकी मारून नाद ऐकला होता. फक्त उलटा करून वाचला नव्हता. तो मान बायकांचा. घरात बाई असती तर पहिल्याच दिवशी कुजा पालथा झाला असता. मुलीला चकित करायचे म्हणून त्यांनी तो कुलपात ठेवला होता.

मग ते रडले. त्या माणसाला मी रडवले याचे मला फार वाईट वाटले. “पोरीस आई नाही,” ते म्हणाले. “हिच्या मागें कोणी नाही, असें सासरीं कोणी म्हणूं नये. म्हणून कुजा आणला आणि त्यास आजी जोडली.” तो कोणाचा निघाला, हे मी त्यांना सांगितले नाही. कुजा त्यांच्याच ताब्यात ठेवला, पावती लिहून घेतली आणि गावाबाहेर जाऊ नका म्हणून बजावले.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो. त्यांनी सांगितलेला दुकानदार म्हातारा आणि हजरजबाबी होता. चोरीचा माल कसा घेतलास, म्हणून मी आवाज चढवला. तो शांतपणे तमिळमध्ये म्हणाला, “सार, चोर कधी भाव करत नाही. चोराला घाई असते. हा कुजा विकायला आलेला गृहस्थ माझ्या स्टुलावर तासभर बसून भावासाठी भांडत होता.” त्याचे म्हणणे खरे होते. माझ्या नोकरीत घासाघीस करणारा चोर मला भेटलेला नाही. मग तो गृहस्थ गेला कुठे, असे मी विचारले. दुकानदाराने समोर बोट दाखवले. “तिथून एक मोठा रेडिओ घेतला आणि रिक्षात मांडीवर धरून घेऊन गेला.”

मला भरतकामाचे आच्छादन आठवले.

त्या काळी रेडिओला लायसन लागे. तक्रारदार बाई देवळात गेल्याची वेळ साधून मी त्यांच्या घरी गेलो आणि यजमानांना एवढेच विचारले, “रेडिओचे लायसन दाखवता का?” त्यांनी थेट कुजाचेच सांगायला सुरुवात केली. पुढे काही विचारावे लागले नाही. घरबसल्या कचेरी, म्हणजे गाण्याची मैफल, ऐकावी अशी त्यांची फार इच्छा होती. कुजा वीस वर्षे पेटीत पडून होता. रेडिओ तीन दिवस गायला आणि चौथ्या दिवसापासून गप्प झाला. दोन वर्षे ते तो नुसता पुसत होते. बायकोने लाव म्हटले, की आज स्टेशनच बंद आहे म्हणत.

मी त्यांना समजावले, की आईने लेकीला दिलेले ते स्त्रीधन आहे. माफ करायचे तर त्याच करू शकतात, मी नाही. तेव्हा तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो. त्यांनी थोडा विचार केला आणि आमच्या लॉकअपमध्ये जागा आहे का, असे अगदी गंभीरपणे विचारले.

बाई तिसऱ्या दिवशी ठाण्यात आल्या. यजमानांनी सांगितले होते. त्यांनी त्यावर काय केले हे मी विचारले नाही, पण तक्रार मागे घेण्याच्या अर्जावर त्यांनी सही केली. सोयरीक ठेवायला हरकत नाही, मुलीच्या बापाने कुजा भर बाजारात विकत घेतला आहे, असे मी सांगितले. आजी का जोडली, तेही सांगितले. मग कुजा परत आणवून देऊ का, असे विचारले.



“नको,” त्या म्हणाल्या. “पोरीच्या हातून येऊं दे. तिला आई नाही. आजी तरी राहूं दे.”

मी हेडक्लार्कांना जाऊन सांगितले, की माल चोरीचा नव्हता आणि मूळ मालकिणीची हरकत नाही. त्यांना सगळे खरे वरपक्षाला सांगून मोकळे व्हायचे होते. मी तोंड बंद ठेवायचा हुकूम दिला. तसा हुकूम कोणत्या कायद्यात बसतो, ते मला अजून सापडलेले नाही.

लग्नाला मी धोतर नेसून गेलो. हेडक्लार्क व्याह्यांना सांगत होते, की तुम्हांला रेडिओ नवाच भेट मिळाला हे बरे झाले. व्याह्यांना ठसका लागला. मग भेटीची भांडी मांडली गेली आणि कोणीतरी कुजाची चौकशी केली. हेडक्लार्कांनी माझ्याकडे पाहिले आणि ते अडखळले. तेव्हा वरमाईच पुढे झाल्या. ह्यांची आजी दर शुक्रवारी हा कुजा स्वतः चिंचेने घासत असे, त्यांनी सांगितले. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. पोरींना रागे भरे आणि मग ह्यातलेच पाणी पाजी. त्या स्वतःच्या आईबद्दल बोलत होत्या, हे त्या मांडवात तिघांनाच ठाऊक होते. हेडक्लार्क चौथे नव्हते. ते हात जोडून, डोळे मोठे करून आपल्या आजीची हकीकत पहिल्यांदाच ऐकत होते.

हे प्रकरण कागदावर निकालात निघाले, पण मला बरेच शिकवून गेले. पुरावा कुजाच्या बुडाखाली होता, पण तो कसा वापरायचा हे मला त्या बाईंनी दाखवले. जुन्या बाजारातून गादी, चष्मा, चप्पल आणि कवळी घेऊ नये, हे हेडक्लार्कांचे मत मी आजही सगळ्यांना सांगतो. रेडिओच्या बाबतीत तर मी साक्षीदारच आहे. भांडे घ्यावे, पण उलटे करून घ्यावे.

आजीचे मात्र मी काही सांगत नाही. त्या मुलीला ती जुन्या बाजारातूनच मिळाली आणि जन्मभर पुरली.