रविवारची पावलं

"रविवारी आजूबाजूला सगळं बंद असतं. तरी हे येतंच," डॉ. देशकर म्हणाल्या आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

स्क्रीनवर एक सरळ रेघ होती. तिच्यावर ठराविक अंतराने दोन-दोन टोकं उठलेली. एक उंच, त्याला लागूनच एक बुटकं. मग मोकळी जागा. पुन्हा उंच, बुटकं. कुणीतरी लंगडत चालत गेल्यासारखं.

"हे काय आहे?"

"आमच्या मशीनच्या चुका. गणित चालू असतं आणि मशीन मधेच विसरून जातं. एक महिन्यापासून हेच होऊन राहिलंय, सर." मॅडम नागपूरच्या.

माझं काम व्हायब्रेशन अ‍ॅनालिसिसचं. डॉक्टर छातीला नळी लावतो, तसा मी मशीनला सेन्सर लावतो आणि कुठलं बेअरिंग जाणार ते आधी सांगतो. भोसरीपासून चाकणपर्यंत मला ओळखत नाही असा मेंटेनन्स मॅनेजर सापडायचा नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. वडील फोर्जिंगच्या कारखान्यात हातोड्यावर होते. लाल तापलेलं लोखंड ऐरणीवर धरायचं, पायाने पायडल दाबायचं, वरून मोठं वजन पडतं आणि लोखंडाला आकार येतो. त्या आवाजात त्यांचे कान गेले आणि त्या पगारात माझी डिग्री झाली. हे मी कुठेही अभिमानाने सांगतो.

पण क्वांटम कॉम्प्युटर मी पहिल्यांदाच बघत होतो. चाकणच्या पुढे, एमआयडीसीच्या कडेला भाड्याची शेड. आत लोखंडी फ्रेमला टांगलेला माणसाएवढा पांढरा डबा. त्याच्या तळाशी नखाएवढी चिप. मॅडम म्हणाल्या, तिथे अंतराळातल्या मोकळ्या जागेपेक्षा जास्त थंडी आहे. लॅबमधली सगळी मुलं अनवाणी होती. आवाज-धक्का नको म्हणून एकमेकांशी हाताच्या खुणांनी बोलत होती. दाराच्या चौकटीला लिंबू-मिरची लटकत होती.

"हे कुणी बांधलं?"

"विचारू नका. पीएचडीवाल्याने बांधलंय."

मी हसलो. एकटाच.

मॅडमनी मला जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. साधा कॉम्प्युटर शून्य किंवा एक यावर चालतो. यांचा क्यूबिट, म्हणजे यांच्या हिशेबाचा सगळ्यात छोटा तुकडा, दोन्हीच्या मिश्रणात राहू शकतो. हौदात दोन दगड टाकले की लाटा काही ठिकाणी एकमेकींना वाढवतात, काही ठिकाणी मारून टाकतात. इथे हिशेब असा बसवतात की चुकीची उत्तरं एकमेकांना पुसून टाकतील आणि बरोबर उत्तर वर येईल. पण हे सगळं पाण्यावर काढलेल्या रांगोळीसारखं. उष्णता, धक्का, नुसतं मधेच डोकावून बघणं, काहीही झालं तरी मोडतं.

"पुढच्या आठवड्यात रिव्ह्यू आहे," मॅडम म्हणाल्या. "एक गणित शेवटपर्यंत टिकून दाखवायचं. नाही टिकलं तर पैसे देणारे मशीन उतरवून नेणार. माझी उमेदीची सगळी वर्षं त्या डब्यात आहेत."

मी फरशीवर सेन्सर ठेवला. थोड्याच वेळात माझ्याही स्क्रीनवर पावलं उमटली. उंच, बुटकं. त्यांच्या चुकांच्या बरोबर जोडीने.

"जमिनीतून येतंय. बाहेरून."

"शक्य नाही. आम्ही मुद्दाम रविवारी मोजलं. सगळ्या कंपन्या बंद असताना. तरी तेच. म्हणजे दोष आतला आहे."

"मॅडम, इथे रविवारी कंपन्या चालू असतात."

"म्हणजे?"

"आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी. विजेचा ताण वाटला जावा म्हणून पूर्वी वार ठरवून दिले, तेव्हापासून तेच. आमच्याकडे सत्यनारायण, साखरपुडा, कटिंग, सगळं गुरुवारी. गुरुवारचं रेकॉर्ड दाखवा."

त्यांनी रेकॉर्डची यादी वरखाली केली. "गुरुवारी लाइनचं काम असतं, लाइट जाते. म्हणून आम्ही गुरुवारी मशीनवर काही चालवतच नाही."

इतके शिकलेले लोक आणि वार कुणी विचारला नाही. मला गंमत वाटायला हवी होती. पण माझी नजर त्या जोडटोकांवर अडकली होती. ही चाल मला माहीत होती, डोळ्यांनी नाही, तळपायांनी. लहानपणी कारखान्यामागच्या आमच्या घरात हंड्यातलं पाणी दिवसभर असंच थरथरायचं. एकदा जोरात, लगेच एकदा हळू. वडिलांचा हातोडा पडला की वर जायच्या आधी पुन्हा हलकेच टेकायचा. पट्ट्यात बाकी कुठलाच हातोडा असा टेकत नव्हता.

तो कारखाना कधीच बंद पडला होता. आणि वडील त्याच्याही आधी गेले.

मॅडमना मी नुसतं "जरा आसपास बघून येतो," म्हटलं. त्याही निघाल्या.

वडिलांच्या जुन्या कारखान्याच्या फाटकाचं कुलूप गंजून एकजीव झालं होतं. पडक्या भिंतीवरून आत गेलो. छताचे पत्रे गेलेले, मधे बाभळी. जिथे हातोडा उभा असायचा तिथे आता नुसता खड्डा. त्यात साचलेलं हिरवं पाणी. दुपारची वेळ, वारा अजिबात नाही.

पाणी हललं. मधून एक मोठं वलय निघालं. त्याच्यामागे एक लहान.

मॅडमनी माझा दंड धरला. "सर, इथे तर काहीच नाहीये."

पुन्हा मोठं वलय, पुन्हा लहान. लोखंड नाही, माणूस नाही आणि ठोके चालूच.

शेवटी हाताला काम दिलं. असं झालं की मी तेच करतो. जागेच्या दोन टोकांना दोन सेन्सर ठेवले. धक्का ज्याला आधी लागतो, त्या बाजूला चालायचं. धक्का टेकडीकडून येत होता. टेकडीला वळसा घातला तर मागे नवी शेड. आत तापलेलं लोखंड आणि हिरव्या रंगाचा ओळखीचा सांगाडा. मालक पोपटशेठ आमच्या गावचेच.

"आवं, ह्यो तुमच्या वडलांचाच हातोडा! भंगारातनं उचलला, म्हैन्याखाली हितं उभा केला. समदं नवं बसवलं, पर ठोका दिला की पुन्यांदा टेकतोच. खोड हाय त्याची. न्हाई जात."

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पूर्ण पडला नाही. इथे हा हातोडा पडतो आणि तिकडे त्या थंडीत एक गणित पुसलं जातं. दोघांना एकमेकांचा पत्ताही नाही.

मॅडमनी लॅबच्या साहेबांना स्पीकरवर फोन लावून सांगितलं. "हातोडा ना? नोटीस पाठवून बंद करू."

"सर, हा बंद केला तर याच्यामागे दडलेला दुसऱ्या कुठल्या कंपनीचा ठोका ऐकू येईल," मॅडम म्हणाल्या. "त्यापेक्षा रिव्ह्यू गुरुवारी घ्या. कंपनाचं कारण मी रिव्ह्यूमध्ये उघड सांगते."

मी पोपटशेठना विचारलं, "गुरुवारी बंद ना नक्की?"

"गुरुवारी कामाला आलो तर बायको परत घरात घ्यायची न्हाई, भाऊ."

गुरुवारी सकाळी लाइट गेलीच. मशीन बॅटऱ्यांवर होतं. माझी रेघ सपाट. सगळा पट्टा गप्प. गुरुवारचं गप्प चाकण इतकं कान देऊन मी जन्मात ऐकलं नव्हतं. रिव्ह्यूचे पाहुणे काचेपलीकडे बसले होते. डब्याच्या आत काय चाललंय ते बघायची कुणालाच परवानगी नव्हती. बघितलं तर मोडणार.

"हे मोठं झालं की काय करेल?" मी हळूच विचारलं.

"नवी औषधं, नव्या बॅटऱ्या शोधायला मदत करेल," मॅडम कुजबुजल्या. "आणि बँका, सरकारं, आपले मोबाइल, यांच्या माहितीवरची आजची बरीचशी कुलपं उघडू शकेल. काही लोक आत्ताच कुलूपबंद माहिती चोरून साठवताहेत. आज त्यांना ती वाचता येत नाही. ते अशा मोठ्या मशीनची वाट बघून राहिलेत."

"मग नवी कुलपं?"

"तयार आहेत. बसवायची बाकी आहेत."

मी खिशातल्या मोबाइलवर हात ठेवला. उगीचच.

गणित शेवटपर्यंत टिकलं. मशीन राहिलं, मॅडमही राहिल्या. पुढे त्यांनी डब्याखालची फरशी कापून वेगळा पाया घातला, खाली रबर, भोवती चर. आता रविवारीही काम होतं. पोपटशेठचा हातोडा चालूच आहे. लिंबू-मिरची मात्र कुणी काढली नाही.

तेव्हापासून कुठल्याही नव्या गिऱ्हाइकाकडे मी सेन्सर बाहेर काढायच्या आधी एकच प्रश्न विचारतो. तुमच्या आसपास सुट्टी कुठल्या वारी असते? लोक हसतात. हसू देत. उत्तर मिळेपर्यंत मी बॅग उघडत नाही.