व्याह्यांचा पंखा

जगात पंख्याखाली बसणारी माणसं पुष्कळ. पण पंखा निवडण्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. मुलीचं स्थळ पाहायला आम्ही जामखेडजवळच्या त्यांच्या गावी गेलो, तेव्हा मी मुलाचं शिक्षण, नोकरी, शेती असे रीतसर प्रश्न घोकून गेलो होतो. ते विचारायची वेळच आली नाही. चहा यायच्या आत त्यांनी मला दंडाला धरून अंगणात नेलं, तिथल्या जीपचं बॉनेट उघडलं आणि इंजिन नि रेडिएटर यांच्यामधल्या जेमतेम हात जाईल एवढ्या फटीकडे बोट दाखवून विचारलं, "पाव्हणं, तुमी कंपनीत हुता. हितं कंचा पंखा बसंल?" मी सुप्याच्या कंपनीत होतो हे खरं, पण तिथे मी कामगारांच्या हजेऱ्या आणि रजा बघायचो. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं, लग्नात सांगितलं, नातवाच्या बारशालाही सांगितलं. त्यांच्या मते तो माझा विनय होता.

व्याह्यांची पिठाची गिरणी आहे. त्यामुळे त्यांच्या भुवया बाराही महिने पांढऱ्या असतात आणि आवाज गिरणी बंद असतानाही गिरणी चालू असल्यासारखा असतो. जीप ही त्यांची दुसरी गिरणी. जीप म्हणायची ती आपली रीत म्हणून. सांगाडा जुन्या जीपचा, इंजिन मोडीत निघालेल्या एका डिझेल गाडीचं, मागची बाकं कुठल्याशा एस.टी.ची, आणि हॉर्न असा की समोरची म्हैस बाजूला व्हायच्या ऐवजी जागीच बसते. हे नवं इंजिन त्यांनी मोठ्या हौसेने बसवलं, आणि बसल्यावर लक्षात आलं की ते जुन्यापेक्षा लांब आहे. जुना पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरायचा. त्याला आता जागाच उरली नाही. इंजिन परत काढायचं किंवा पंखा दुसरा बघायचा, असे दोन मार्ग होते. त्यांनी दुसरा धरला. रेडिएटरच्या पुढे, जाळीमागे, कुठलासा छोटा विजेचा पंखा तारेने बांधून घेतला. सपाटीवर त्याने भागायचं. चढ लागला की जीप उकळायची, आणि व्याह्यांच्या सासुरवाडीच्या वाटेत सौताड्याचा घाट आहे.

तेव्हापासून त्यांचं पंखासंशोधन सुरू झालं. गिरणीच्या भिंतीवर देवांच्या तसबिरींखाली पंखे टांगलेले असत: छोट्या मोटारीचे, टेम्पोचे, एक मोडलेल्या अँब्युलन्सचा. चार पात्यांचा पंखा आळशी, सहा पात्यांचा तापट आणि सात पात्यांचा समजूतदार, असं त्यांचं शास्त्र होतं. दळण घेऊन आलेल्या बायाबापड्यांना हे शास्त्र पीठ पडेपर्यंत ऐकावं लागे. एकदा त्यांनी अँब्युलन्सचा पंखा चालवून बघायचा म्हणून बॅटरी गच्चीवर नेली. गच्चीवर विहीणबाईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. पंखा उत्तम होता हे कुरडया शेजारच्या तीन घरांत पोचल्यावरून सिद्ध झालं, तरी तो त्यांनी नापास केला, कारण त्याचा वारा 'कोरडा' होता. विहीणबाईंनी कुरडया वेचून आणल्या आणि त्या दिवशी त्यांना जेवायला वाढलं ते न बोलता.

सुटे भाग घ्यायला ते नगरला आले की मुक्काम आमच्याकडे. मग जुन्या मालाच्या दुकानांतून मला फिरवायचे. दुकानदाराने पंखा बॅटरीला जोडला की व्याही मला त्याच्यासमोर उभं करायचे, चष्मा काढायला लावायचे आणि विचारायचे, "गालाला काय वाटतंय?" मी म्हणे, बरं वाटतंय. "बरं म्हंजी कसं? माळावरचं का हिरीवरचं?" वारा माळावरचा की विहिरीवरचा हे माझ्या गालाला सांगता यायचं नाही, मग ते स्वतःचा गाल पुढे करायचे आणि डोळे मिटून बराच वेळ उभे राहायचे. रस्त्यावरची माणसं थांबून बघत. माझी बायको तर म्हणायची की आपल्या मुलीला बघताना त्यांनी यातला दहावा हिस्सासुद्धा वेळ घेतला नव्हता.

हे सगळं मी हसण्यावारी नेत असे. एका दिवाळीला मुलीने मला कारण सांगितलं. विहीणबाईंचे वडील, आबा, अत्यवस्थ झाले तेव्हा हे दोघं याच जीपने निघाले होते. घाटात जीप उकळली. आमचे व्याही पाण्यासाठी कॅन घेऊन धावाधाव करत होते आणि विहीणबाई एका वळणावर कडुलिंबाच्या झाडाखाली बसून होत्या. पोचल्या तेव्हा चितेला अग्नी दिलेला होता. त्यावर त्या नवऱ्याला एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त पुन्हा कधी जीपमध्ये बसल्या नाहीत. माहेरी जायचं तर एस.टी.ने. व्याही हट्टाने जीप घेऊन त्याच वेळेला निघायचे. घाटात बॉनेट उघडून उभे असायचे, आणि मागून एस.टी. येऊन त्यांना ओलांडून जायची. खिडकीत विहीणबाई असत. त्या सरळ पुढे बघत असत. मुलीने हे मला लाडू वळता वळता सांगितलं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर मी नगरच्या दुकानांत गाल जरा मनापासून पुढे करू लागलो.

शेवटी पंखा मिळाला. सात पात्यांचा, रुंद, व्याह्यांच्या गालाने 'हिरीवरचा' असा निकाल दिलेला. प्रश्न तो बसवायचा कुणी. जामखेडच्या सगळ्या मेस्त्र्यांशी त्यांचं भांडण झालेलं होतं, कारण मेस्त्री लोकांना उलट बोलायची सवय असते. त्यामुळे त्यांचं गॅरेज म्हणजे घाटावरची सासुरवाडी. तिथे फाट्यावर विहीणबाईंच्या चुलतभावाचं गॅरेज आहे, आणि तिथे व्याही म्हणजे गावचे जावई, दाजी. दाजींसाठी खुर्ची झाडली जाते, चहा येतो, आणि दाजी म्हणतील त्या जागी, म्हणतील त्या दिशेने नट आवळला जातो. असं सुख कुठल्या मेस्त्रीकडे मिळणार. पहिला छोटा पंखाही त्या भावानेच बांधला होता.

हा नवा पंखा बसला त्याच आठवड्यात तिकडे भाचीचा साखरपुडा होता आणि आम्हालाही बोलावणं होतं. विहीणबाई रीतीप्रमाणे एस.टी.ने आल्या. व्याही जीपने आले, रीतीप्रमाणे घाटात उकळून. पण त्यांच्या चेहऱ्यावर विजय होता. आता इंजिन नवीन पंख्याला सरावायचं एवढाच प्रश्न आहे, असं त्यांनी जाहीर केलं, आणि अंगणात जीप उभी करून पंखा चालू केला. मग एकेका पाहुण्याला जाळीसमोर उभं करून गाल पुढे करायला लावला. पाहुणे ओळीने पुढे होत होते आणि वा वा म्हणत होते. उन्हाचे दिवस होते, वारा खरोखरच झकास लागत होता.

विहीणबाई ओट्यावर डाळ पाखडत बसल्या होत्या. त्या सूप घेऊन उठल्या, रांगेतल्या माणसांना बाजूला केलं आणि सुपातली मूठभर फोलपटं जाळीसमोर सोडली. ती सगळी फोलपटं अजून समोरच उभ्या असलेल्या माझ्या तोंडावर आली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग जाळीकडे, मग चुलतभावाकडे. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "वारं गाडीला पायजे का पाव्हण्यांला?"

मलाही तेव्हा उलगडलं. पुढून येणारी हवा पंख्याने रेडिएटरवर ढकलायची, तर हा ती बाहेर फेकत होता. गाडी पळू लागली की समोरून येणारा वारा आणि पंख्याचा वारा एकमेकांना जाळीत भिडत होते. गालाला छान लागावा म्हणून निवडलेला पंखा, गालाला छान लागेल असाच बसवला होता.

चुलतभावाने मान खाली घातली. "आक्का, मला ठावं हुतं. पर दाजी म्हनले, वारं पुढनं लागाय पायजे. जावायाला न्हाई कसं म्हनायचं?"

"आबाचं त्वांड मला बगाय मिळालं न्हाई," त्या म्हणाल्या. "आता आई ऱ्हायलीय. तुमच्या मानापायी ती बी अशीच जाऊ द्यायची का?"

मी व्याह्यांकडे पाहिलं. ते जाळीला हात लावून उभे होते, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज गिरणीसारखा नव्हता. त्यांनी चुलतभावाला विचारलं, "आदुगरचा ल्हान पंखा... त्यो बी असाच हुता का?"

चुलतभाऊ कपातल्या चहाकडे बघत राहिला. व्याह्यांनी पुन्हा विचारलं नाही. पान्हा मागून घेतला आणि पंखा स्वतःच्या हाताने खोलायला बसले. मग दोघांनी मिळून पात्यांचं चाक उलटवून लावलं, दोन वायरींची अदलाबदल केली. झाल्यावर व्याह्यांनी गाल पुढे केला नाही. सुपातली चिमूटभर फोलपटं घेऊन सोडली. ती आत जाऊन रेडिएटरला चिकटून बसली.

पुढे उन्हाळ्यात मी मुलीकडे गेलो होतो, तेव्हा दुपारी घाटावरून फोन आला की विहीणबाईंच्या आईचं काही खरं नाही. एस.टी. एकदम संध्याकाळी होती. व्याही जीपची किल्ली हातात धरून दारात उभे राहिले. विहीणबाई आत गेल्या, पाण्याचा मोठा कॅन भरून आणला, आणि पुढच्या सीटवर बसून तो दोन्ही पायांमध्ये धरला. "चला," म्हणाल्या. मी मागच्या एस.टी.च्या बाकावर बसलो. घाट लागला तसं तिघांचंही लक्ष इंजिनाचं तापमान दाखवणाऱ्या काट्यावर गेलं. काटा निम्म्यावर आला, थोडा वर सरकला आणि तिथेच थांबला. लिंबाचं झाड मागे गेलं.

म्हातारी जागी होती. लेकीचा हात चाचपून तिने विचारलं, "येस्टीनं आलीस व्हय?"

"न्हाई," विहीणबाई म्हणाल्या. "ह्यांच्या जीपनं आले."

म्हातारी गेली ती लेकीच्या मांडीवर. सगळं उरकून आम्ही उतरत होतो तेव्हा त्या वळणावर विहीणबाईंनी जीप थांबवायला सांगितली. उताराला जीप तापायचा प्रश्नच नव्हता. व्याह्यांनी सवयीने काट्याकडे पाहिलं आणि थांबवली. बाई खाली उतरल्या, न लागलेला तो कॅन सोबत नेला आणि सगळं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतलं. व्याही खाली उतरले नाहीत. इंजिन बंद करून, पांढऱ्या भुवया पुसत, ते पंखा थांबेपर्यंत त्याचा आवाज ऐकत बसले.

भिंतीवरचे पंखे आता उतरलेत. सध्या व्याही सायलेन्सर निवडतात आणि त्यासाठी माझा कान लागतो. मला त्यातलंही कळत नाही, हे मी सांगून ठेवलं आहे. घाटावर जायचं झालं की मात्र विहीणबाई अजून कॅन भरून घेतात. जीप तापत नाही. त्या वळणावर व्याही न सांगता गाडी थांबवतात, आणि आता कॅन तेच उचलतात.