फितूर शोधणारे भावजी

आमच्या चुलत दिरांइतका संशयी माणूस गेवराई तालुक्यात दुसरा नसेल. स्वतःच्या सावलीलासुद्धा ते पुढे चालायला लावतील, मागे राहून काय करील याचा नेम नाही म्हणून. माझ्याकडे चहाला आले की बशी आधी माझ्यापुढे सरकवायचे. "वहिनी, एक घोट तुमी घ्या." मी घेतला की जरा वेळ माझं तोंड न्याहाळायचे, मग प्यायचे. वर म्हणायचे, "साखर कमी हाय." मी वाईट वाटून घेतलं नाही. सख्ख्या आईच्या हातचा लाडूही ते फोडून बघत.

ग्रामपंचायतीत त्यांच्या गटाचे आम्ही पाच सदस्य, समोर सरपंच धरून चार. भावजींचे केस काळे होते तेव्हापासून त्यांना उपसरपंच व्हायचं होतं. एक जण फुटला की संपलं. म्हणून निवडीआधी त्यांनी आम्हाला देवदर्शनाच्या नावाखाली पळवलं. आमच्याकडे रीतच आहे ती. बेल-भंडारा उचलून शपथा झाल्या. भंडारा खरंच तळहाताला लागला का, हे त्यांनी प्रत्येकाची मूठ उघडून पाहिलं. निघायची जागा मात्र प्रत्येकाला वेगळी सांगितली. जिथे विरोधक उगवतील, त्या जागेचा माणूस फितूर! मला नारायणगडाच्या पायथ्याशी उभं केलं, एकाला उमापूरच्या बाजारात. विरोधक कुठेच आले नाहीत. आम्हाला गोळा करता करता जीपचं डिझेल तेवढं संपलं.

"बघा, कुणीच फुटलं नाही," मी म्हणाले.

"तेच तर! इतकी माणसं इमानदार कावून?"

धारूरच्या डोंगरात त्यांच्या मेव्हण्याच्या शेतावर आम्ही राहिलो. सगळ्यांचे फोन ज्वारीच्या कणगीत पुरले होते. वाजला की कणगी उपसायची आणि ज्याचा असेल त्याची चौकशी. एकदा भावजींचाच वाजला. बीपीची गोळी घेतली का, हे जाऊबाई विचारत होत्या. भावजींनी त्यांनाच विचारलं, "तुला कुणी फोन करायला लावला?"

मतदान गुप्त होतं. आपली मतं ओळखू यावीत म्हणून चिठ्ठीचा डावा कोपरा दुमडायचा, असा भावजींचा हुकूम.

"भावजी, खूण केली तर मत बाद होतं."

"ही खूण न्हाई, घडी हाय."

मोजणीत घड्या अधिकाऱ्यांनी चालवून घेतल्या. तरी आमची चार, त्यांची चार, आणि एक चिठ्ठी बाद. बरोबरी झाल्यावर सरपंचांनी निर्णायक मत आपल्या माणसाला दिलं. भावजी उठले, आम्हा चौघांवरून नजर फिरवली आणि गरजले, "कोण हाय बे त्यो?"

अधिकाऱ्यांनी बाद चिठ्ठी पुढे धरली. कोपरा व्यवस्थित दुमडलेला आणि नावाखाली भावजींची लपेटदार सही. दुसरा कुणी भलतंच मत देऊन त्यांची चिठ्ठी आपली म्हणून दाखवील, या धास्तीनं त्यांनी आपल्या मतावर सहीच ठोकली होती.

भावजींसोबत आम्ही जीपनं घराकडे निघालो. घर दिसायला लागल्यावर ते हळूच म्हणाले, "वहिनी, फितूर सापडला."

आता येतात तेव्हा कप उचलून सरळ पितात. साखरेचंही काही म्हणत नाहीत. परवा मीच बशी ओढली. "आधी मी घेऊ का, भावजी?"

"ऱ्हाऊ द्या. तुमच्यावर कसला संशय?"

हे ऐकायला इतकी वर्षं थांबले होते. ऐकलं, आणि उगाच त्यांच्या कपात आणखी एक चमचा साखर घातली.