सरकारी भिंतीत एक खिळा

नागपूरहून इकडे उत्तरेत आमच्याकडे पाहुणे आले की बाबा त्यांना इमामबाडा नंतर दाखवायचे, आधी रेसिडेन्सी. नवाबाच्या दरबारात इंग्रजांचा जो बडा साहेब नेमलेला असायचा, त्याचं हे सरकारी निवासस्थान. सत्तावनच्या बंडात तोफांनी त्याची चाळण केली. छप्पर गेलं, भिंती तेवढ्या उरल्या. बाबा पाहुण्यांना भिंतीतल्या भोकांत बोट घालायला लावायचे आणि आपला ठरलेला विनोद करायचे, "वेळेवर क्वार्टर खाली केलं नाही की असं होतं बघा!" पाहुणे हसायचे. आई नेमकी तेव्हा दुसरीकडे बघायची. मलाही हसू यायचं नाही. आम्हीही क्वार्टरमध्येच राहत होतो आणि एक दिवस तेही खाली करायचं होतं.

बाबा एका सरकारी ऑफिसात होते. अलीगंजच्या बाजूला कॉलनीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळालेल्या. माझा जन्म तिथलाच. पण घरात बाबांचा एक नियम होता: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. भिंत सरकारची. कॅलेंडर खिडकीच्या गजाला, आरसा फळीवर टेकवलेला, कपडे खुर्चीच्या पाठीवर. आणि बुद्धाची तसबीर मोठ्या ट्रंकेवर. त्याच ट्रंकेत आई सणासुदीची भांडी ठेवायची. म्हणजे बुद्धपौर्णिमेला खिरीचं पातेलं काढायचं तर आधी बुद्धाला उचला, खाटेवर ठेवा, ट्रंक उघडा, बंद करा, पुन्हा बसवा. आई म्हणायची, "बाप्पा रे, तथागताचीही दर सणाला बदली!"

आजूबाजूच्या लोकांनी भिंती ठोकून ठोकून खिळखिळ्या केल्या होत्या. एका भाभीनं तर गॅलरीत विटा रचून आख्खी मोरी बांधली. आमच्याकडे मात्र एक खिळा नाही! आईनं एकदा नुसता विषय काढला, तर बाबा म्हणाले, "जाताना भिंत जशी घेतली तशी द्यायची." जाताना, जाताना! मी शाळेतून आले की दप्तर ठेवायच्या आधी घरावर नजर फिरवायचे, सगळं जागच्या जागी आहे ना. उगाच. जीव थाऱ्यावरच नसायचा.

बाबांना इंग्रजांच्या घरांचं भारी वेड. राणीच्या राजवाड्यात खोल्या किती, पंतप्रधानाच्या दाराला बाहेरून चावीच लागत नाही, असलं काय काय ते पेपरातून आणि रेडिओवरून गोळा करायचे. एकोणऐंशीच्या मे महिन्यात तिकडे निवडणूक झाली. बाहेर लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, सुटलेली, आम्ही वाळा लावलेल्या कूलरपुढे बसलेलो. बाबा पेपर हातात घेऊन उभेच राहिले.

"बघा! पंतप्रधान काल हरला, आज घर खाली! याला म्हणतात शिस्त. घर माणसाचं नसतं, खुर्चीचं असतं."

आई भेंडी चिरत होती. "आन मग गेला कुठं तो, बायको घेऊन?"

"जाईल की. त्याचं स्वतःचं घर असेल."

"हं. त्याचं आहे." आईनं विळी आडवी केली. "आपलं कुठं आहे जी?"

"नागपूर."

नागपूर म्हणजे काकांचं घर. आजोबांनी बांधलेलं खरं, पण तिथली आमची म्हणवली जाणारी खोली काकांच्या थोरल्या मुलाचं लग्न झाल्यावर त्याला दिली होती. आम्ही सुट्टीत जायचो तेव्हा ओसरीत झोपायचो. हे आईला दिसत होतं, मला दिसत होतं. बाबांना दिसत नव्हतं की ते बघत नव्हते, कोण जाणे.

पुढे काही वर्षांनी जानकीपुरमला विकत मिळणाऱ्या नव्या घरांची नोंदणी निघाली. आई बाबांच्या मागेच लागली. सब्जी घेऊन आली की तेच, ताट वाढताना तेच. "रिटायर झाल्यावर काय विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायचं? दोन खोल्या द्या मला, बस्स. माझ्या." बाबा म्हणायचे, "परमुलखात कोणी घर बांधतं का? शेवटी आपल्या माणसांत जायचं." मला असा संताप यायचा! एकदा मी हिंदीतच ओरडले, "तो फिर यहाँ इतने साल क्या कर रहे थे?" बाबा चष्मा पुसत बसले. नोंदणीची मुदत गेली. त्यानंतर आईनं घराचं नाव काढलं नाही, आणि तिचं ते गप्प राहणं मला भांडणापेक्षा जास्त छळायचं.

बाबा रिटायर झाले त्याच दिवशी क्वार्टर सोडायचं त्यांनी ठरवलं. खरं तर पुढे काही महिने राहता आलं असतं. पण नाही, लंडनसारखं! आदल्या आठवड्यात पदरमोड करून चुना मारून घेतला. सामान लाकडी खोक्यांत भरलं, खोक्यांना खिळे ठोकले, खाली ट्रक लागला. ताबा घ्यायला ऑफिसचा एक तरणा बाबू आला. त्यानं दोन्ही खोल्यांतून चक्कर मारली, भिंतींवरून हात फिरवला आणि कौतुकानं म्हणाला, "वाह बाबूजी! लगता ही नहीं कि यहाँ कोई रहता था।"

बाबांचा चेहरा असा फुलला! मेडल मिळाल्यासारखा.

आई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. ती परत आत आली. खोकी ठोकून उरलेला एक खिळा आणि हातोडी खिडकीत पडली होती, ती तिनं उचलली. बाबा "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिनं समोरच्या भिंतीत, बरोबर ट्रंकेच्या जागेच्या वर, खिळा ठोकायला घेतला. चुना तिच्या केसांत पडत होता. बाबू तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"पाहुण्यांना साहेबाच्या भिंतीतली भोकं दाखवता ना, बोट घालून?" तिचा आवाज फुटला. "तो राहत होता हे लोकांना कळते. मी राहिली नाही काय इथं? माझी लेक झाली इथं!"

मी रडत होते. बाबा शेंडा मोडलेल्या झाडासारखे उभे होते नुसते. मग पुढे झाले, खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि बाबूच्या पुढे आलेल्या हातात न देता त्या खिळ्याला अडकवला.

आई जुडग्याकडे बघत राहिली. पडतो की काय म्हणून तिनं एकदा तो ओढूनही पाहिला.

"टिकला," ती म्हणाली.

मग तिनं बुद्धाची तसबीर काखेत घेतली, आणि आम्ही काकांच्या ओसरीत राहायला निघालो.